कुकर घरी राहिला

टेक्सासमधल्या प्लेनोच्या सुवर्णाकाकूंना कुणी नायगारा कसा वाटला विचारलं, की त्या म्हणत, "बाथरूममधला प्लग चांगला होता." लोक हसायचे. काकू मात्र खरं तेच सांगत असायच्या.

प्रवासात पोटाशी खेळ नको, हा गुरुनाथकाकांचा नियम. त्यामुळे सुटकेसमध्ये कपड्यांच्या आधी राइस कुकर जायचा, मग तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, लोणचं. खोलीत वास नको म्हणून कुकर बाथरूममध्ये लागायचा. काका आणि लेक इला धबधबा नाहीतर दरी बघून भुकेजून परत येईपर्यंत काकू त्याच्याजवळ बसून. अमेरिका त्यांनी पुष्कळ पाहिली, पण खिचडी शिजता शिजता.

इलाने मेक्सिको सिटीच्या वीकेंडची तिकिटं काढली, तेव्हा काकूंनी मनाशी ठरवलं की या खेपेला आपण रांधायचं नाही. काकांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून त्यांनी वाद घातलाच नाही. कुकर ओट्याखाली ठेवला आणि त्याच्या जागी नवी रेशमी कुर्ती घडी घालून ठेवली.

हॉटेलात पोचल्यावर काकांनी सुटकेस उघडली, तळापर्यंत चाचपली आणि काकूंकडे पाहिलं.

"अगं, कुकर?"

"घरी आहे. मीही सुट्टीवर आलेय."

काका रुसले आणि त्या संध्याकाळी केळ्यांवर राहिले. काकू इलाबरोबर खाली जाऊन चिंचेचं गार सरबत पिऊन आल्या. मनातून त्यांना वाईट वाटत होतं. कुकर जवळ असता तर त्या नक्की विरघळल्या असत्या, तेव्हा नव्हता ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी इला त्यांना बाजारात घेऊन गेली. तिथे एक बाई निळसर मक्याच्या भाकऱ्या हातावर थापून तव्यावर टाकत होती, आत चीज आणि भोपळ्याची फुलं. सोबत वाढायच्या शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी आहे का, हे इलाने स्पॅनिशमध्ये विचारलं. होती. मग घेवडा वगळून निवडुंगाची भाजी घेतली. तव्यावरचं गरम कुणीतरी आपल्या हातात ठेवतंय आणि पुढचं वाढायला आपल्याला उठायचं नाहीये, याचं काकूंना इतकं सुख झालं की डोळे भरून आले. मिरची लागली, असं त्यांनी इलाला सांगितलं.

काका हाताची घडी घालून उभे होते. पण रिकाम्या पोटी माणूस नियम किती वेळ धरणार? शेजारच्या गाडीवर त्यांना राजगिऱ्याच्या वड्या दिसल्या आणि घडी सुटली. उपासाला चालतं ते पोटाला बाधत नाही, असा निवाडा त्यांनी स्वतःच दिला. दोन वड्यांनी भूक उलट खवळली. मग एक भाकरी झाली, मग दुसरी. नंतर इलाने घायपाताच्या रसाचं पुल्के आणलं, पांढरं, आंबूस. काकांनी वास घेतला, घोट घेतला आणि वेंगुर्ल्याच्या माडीची ही सख्खी बहीण असल्याचं जाहीर केलं.

"बाबा, स्लो डाउन," इला म्हणाली.

दुसरा ग्लास संपवून काकांनी विचारलं, उद्या सकाळी कुठे खायचं? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता. काकूंनी अजून एक भाकरी मागवली.

घरी परतल्यावर आठवड्याभराने मागच्या गल्लीत राहणाऱ्या कादंबरीचा फोन आला. तीही मेक्सिकोला निघाली होती, कुठे खायचं-प्यायचं ते तिला काकांकडून हवं होतं. आजवर प्रवासाचे फोन काकांचेच असत, पार्किंगपासून सगळं त्यांना पाठ.

"काकूला विचार," काका म्हणाले. "या वेळी ती गेली होती, मी नुसता बरोबर होतो."

फोन घेऊन काकू सोफ्यावर बसल्या आणि बोलत सुटल्या. निवडुंग, फुलं, पुल्के, गूळ घातलेली कॉफी, बाजारातली ती बाई. जेवायची वेळ उलटून गेली तरी बोलणं संपेना. तेव्हा काकांनी ओट्याखालून कुकर काढला, तांदूळ धुतले आणि पाणी किती, ते खुणेनेच विचारलं.

काकूंनी बोलणं न थांबवता बोटाचं एक पेर दाखवलं.