छापलेला भाव

गोंदियात भाव केल्याशिवाय माणूस मेथीची जुडीसुद्धा उचलत नाही. अशा गावात नंदाबाई टेंभरे पुस्तकांचं दुकान चालवते आणि रुपया कमी करत नाही, म्हणजे बाई हट्टीच म्हणायची. माझं शिलाईचं दुकान तिला लागूनच. त्यामुळे तिच्या काउंटरवरची सगळी भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

यंदा एक नवी कादंबरी आली. देवरीकडच्या एका शिक्षिकेनं लिहिलेली, आणि त्यातली माणसं आपल्या झाडीबोलीत बोलणारी. पुण्या-नागपुरात त्या पुस्तकावर उड्या पडत होत्या. नंदाबाईनं एकदम पाच गठ्ठे मागवले, तेही प्रकाशक न खपलेला माल परत घेणार नाही या बोलीवर. मुलगा ओमेश चिडला. त्याला केव्हापासून पुस्तकांचा रॅक काढून तिथं मोबाइलची कव्हरं टांगायची होती.

"हे पुस्तकं खपले नाही, तं रॅक काढून टाकीन," तो म्हणाला.

"काढ," नंदाबाई म्हणाली. पण त्या दुपारी ती घरी जेवायला गेली नाही, हे मी पाहिलं.

पुस्तकावर चारशे रुपये छापलेले. गिऱ्हाईक यायचं, पुस्तक चाळायचं, फोटो काढायचं आणि वर म्हणायचं, "दीदी, मोबाइल पे तो तीन सौ में है. लूट मचा रखी है क्या?" नंदाबाईचं एकच उत्तर, "छापलेला भाव तोच भाव." गठ्ठे जागचे हलेनात. मला तर त्या फोटो काढणाऱ्यांचे मोबाइल इस्त्रीखाली ठेवावेसे वाटायचे.

मग देवरीचे उदारामकाका आले. जन्मभर धान पिकवलेला माणूस. पुस्तक हातावर तोलून म्हणाले, "बाई, नवा तांदूळ स्वस्त राहते, जुना महाग. तुमचा माल तं आताच आला. मंग एवढा भाव कायले?"

मी मशीन थांबवून हसलो. नंदाबाई हसली नाही. तिनं एक प्रत उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "काका, तांदूळ घेताना चार दाणे चावून पाहता ना? ही वानगी. वाचा."

काका उभ्यानंच मोठ्यानं वाचू लागले. दुसऱ्या पानावर थांबले. "हे तं आमच्या घरचं बोलणं होय! असं बी छापते का पुस्तकात?" रस्त्यावरची माणसं थबकली, काही आत आली. काकांनी कुरकुरत का होईना, पूर्ण पैसे दिले. तेव्हापासून वानगीची प्रत काउंटरवरच राहिली, आणि गठ्ठे सुटू लागले.

दिवाळीच्या सुमारास मोबाइलवरचा साठा संपला आणि तिथं भाव दुप्पट झाला. नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या एका रिसॉर्टला पाहुण्यांना भेट द्यायला पुस्तकं हवी होती. त्यांचा माणूस येऊन म्हणाला, "जितनी हैं सब दे दो, दाम तुम बोलो." ओमेशचे डोळे चमकले. "आई, दाबून ठेवू. अजून वाढते."

"कमी नाही केला तवा लोक आपल्याले लुटारू म्हणत होते," नंदाबाई म्हणाली. "आता वाढवला, तं ते खरंच बोलत होते असं होईल." त्या माणसाला तिनं एकच प्रत दिली, छापील भावानं. मला तिचा इतका अभिमान वाटला की पुढं कितीतरी दिवस मापं घेता घेता मी गिऱ्हाइकांना तेच सांगत होतो.

गठ्ठे संपले. परवा उदारामकाका पुन्हा आले. सासरी असलेल्या लेकीसाठी प्रत हवी होती. नंदाबाई घरी जेवायला गेलेली, काउंटरवर ओमेश, आणि पुढ्यात फक्त मळकी वानगी. काकांनी ती उचलली.

"आता तं जुनी झाली. किती चढला भाव?"

ओमेशनं प्रत हळूच काढून घेतली. "ही विकाची नाही, काका. नव्या सोमवारी येऊन राहिल्या. मीच मागवल्या." मग पुस्तक उलटं करून त्यानं किमतीवर बोट ठेवलं. "छापलेला भाव तोच भाव."