वसुधाच्या खुणेने, बेटावरून

माझ्या बायकोचा, वसुधाचा रेडिओ-संच मांडीवर घेऊन मी कोपरीच्या खाडीकाठी होडीत बसलो, तेव्हा आपण नेमके कशासाठी निघालो आहोत हे मला कळलेलं नव्हतं. बेट किनाऱ्यावरूनच दिसत होतं. तिवरांची (खारफुटीची) हिरवी कड, मध्ये थोडी कोरडी जमीन, वस्ती नाही. घरात बसून जगाशी बोलता येत असताना अशा ठिकाणी जाऊन बोलायचं, आणि तेच अधिक मोलाचं मानायचं, ही हौशी रेडिओवाल्यांची रीत. वसुधाला या बेटावर एकदा जायचं होतं. ते राहूनच गेलं; दिवाळीनंतर ती वारली. तिच्या मंडळातल्या मीनाताई आणि पराग आमच्या डोंबिवलीच्या घरी येऊन म्हणाले, "तुम्ही संच घेऊन या, आम्ही लावतो." मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

ती गेल्याचं नातेवाइकांना आमच्या मुलाने कळवलं होतं. माझ्या तोंडून ते अजून एकदाही निघालं नव्हतं. कुणी विचारलंच, तर मी फोन मुलाच्या हातात देत असे.

"पानी उतराला लागला का मी हाक मारीन," होडीवाले काशिनाथदादा म्हणाले. "तवा लगेच निंगायचा. नाय तर होरी (होडी) चिखलान बसंल, न् तुम्ही बेटाव."

"बरंच आहे की," मीनाताई म्हणाल्या. "आमच्या दिवा गावात नळाला पाणी नाही, इथे चारी बाजूंनी आहे."

उतरताना माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. परागने बांबू रोवला आणि तारेचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन कळव्याच्या इमारतींकडे चालू लागलो. "काका, उलट!" तो ओरडला. मी वळलो, तर तिवरांत अडकलो. "राहू दे, काका. तुम्ही नुसते उभे राहा." ते मला जमलं.

काशिनाथदादांनी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली होती. एक भाकरी माझ्या हातात देऊन ते होडीकडे गेले. मी ती धरून बसलो.

प्रत्येक परवानाधारकाला सरकारने दिलेली एक खूण असते. हवेत तेच त्याचं नाव. दुसऱ्याच्या संचावर बसलं की त्याचीच खूण सांगायची, अशी या मंडळींची सवय. पराग रेडिओ शिकला तो आमच्या जेवणाच्या टेबलावर, वसुधाच्या खुणेने. आज त्याने स्वतःची खूण सांगायची होती, पण संच तोच, माइक तोच. त्याने बटण दाबलं आणि जिभेवर होती तीच खूण उच्चारली.

"अरे गाढवा!" मीनाताई म्हणाल्या. "कुणाची खूण सांगितलीस!"

त्याने चूक दुरुस्त करायच्या आत खरखरीतून एक वयस्कर आवाज आला; पलीकडे खूण तेवढीच ऐकू गेली असावी. "वसुधाताई! अहो, होता कुठे इतके दिवस? मिरजेहून अण्णा बोलतोय. मला वाटलं, तुमची तार तुटली की काय!"

मीनाताईंनी परागकडे पाहिलं. "अण्णांना तू कळवलं नव्हतंस?"

"मला वाटलं, तुम्ही..."

क्षणभर मला खरोखरच वाटलं की वसुधा मागे तिवरांकडे कुठे तरी आहे आणि तिला हाक मारायला हवी. मी वळूनही पाहिलं.

"काका, काय सांगू?" परागने विचारलं. परवाना नसल्यामुळे मला माइकवर बोलायची मनाई होती. मी सांगायचं आणि त्याने बोलायचं.

"सांग, गावाला गेली आहे."

पराग माइक तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. खरखरीतून पुन्हा आवाज आला, "वसुधाताई, ऐकू येतंय का?"

"ओ साहेब, पानी उतरतंय!" काशिनाथदादांनी हाक दिली. "आवरा!"

आम्ही तसेच निघालो असतो, तर तो माणूस मिरजेत बसून तिला हाका मारत राहिला असता. त्या दिवशी आणि नंतरही.

"गावाचं नको," मी म्हणालो. "सांग, वसुधा गेली."

परागने ते सांगितलं. मग अण्णांचा आवाज, आधीपेक्षा हळू. "शेजारी कोण आहे?"

"त्यांचे यजमान."

"त्यांना विचार, जेवले का?"

पराग माझ्याकडे वळला. मध्ये तो नसल्यासारखं मला सगळं ऐकू आलं होतं, तरी त्याने नियमाप्रमाणे विचारलं. "काका, जेवलात का?"

"सांग, जेवतो आहे," मी म्हणालो, आणि खोटं ठरू नये म्हणून भाकरीचा तुकडा तोडला.

होडी चिखलात रुतलीच. आम्ही तिघांनी गुडघाभर गाळात उतरून ती ढकलली. काशिनाथदादा वरून म्हणत होते, "गप्पा मारा अजून! मारा!" पलीकडे कोपरीच्या काठावर माणसं रोजच्यासारखी उभी होती. बेट कसं होतं, असं त्यांपैकी कुणी विचारलं असतं, तर मला धड सांगता आलं नसतं. बेटाला मी पाठच करून बसलो होतो.

घरी पाय धुऊन वसुधाचा फोन पाहिला. तिच्या नाशिकच्या मैत्रिणीचा निरोप होता, "अगं, आहेस कुठे?" मी मुलाला हाक मारणार होतो. पण थांबलो, चष्मा लावला आणि त्याच फोनवरून मैत्रिणीचा नंबर फिरवला. तिने उचलल्याबरोबर म्हटलं, "वसुधे!"

"मी माधव बोलतोय," मी म्हणालो.