गहू की दुधाची पावडर

माझा करंज्यांचा डबा पर्यवेक्षिका मॅडमनी झाकणही न उघडता शिपाई मावशींकडं सरकवला.

"बाहेर वाटून टाका. आज आमचा उपवास आहे."

मॅडमच्या पुढ्यात पोळी-भाजी होती.

नाताळची सुट्टी संपली होती. संभाजीनगरातली नावाजलेली खासगी शाळा. मी तिथं नवी शिक्षिका. नाताळच्या फराळासाठी गुलमंडीतून मुद्दाम नवा डबा घेतलेला. मॅडम हसून म्हणाल्या, "नावावरून कळतच नाही गं तुझ्या. खरं सांग, तुमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा काय मिळालं होतं? गहू की दुधाची पावडर?"

सगळी स्टाफरूम हसली. मी घास गिळला. गप्प बसले.

गप्प बसायचंच शिकले होते. गंगापूरकडच्या आमच्या गावात पप्पा रविवारची प्रार्थना चालवतात. लहानपणी रोज जेवणाआधी आम्हाला गुडघ्यावर बसवायचे. बायबलची वचनं पाठ, गीतं पाठ. पण आवाज रस्त्यापर्यंत जाता कामा नये. सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं. तालुक्याच्या चर्चात सगळ्यांपुढं उभी राहून मी माझा विश्वास माझ्या तोंडानं सांगितला. परत येताना एसटीत पप्पा म्हणाले, "कुणी विचारलं तर सांग. नाय विचारलं तर कशाला?"

त्या शनिवारी गावी गेले. झालं ते सांगितलं.

"क्षमा कर. त्यांच्यासाठी प्रार्थना कर," पप्पा म्हणाले.

"करते. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर काय?"

पप्पा खाली बघत म्हणाले, "पाणी मिळालं, बाई. माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. मिशनच्या आडात त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पोहरा सोडला."

हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. सगळी वचनं शिकवली आणि हेच लपवलं. लाज वाटायला पाहिजे होती कुणाला, आणि वाटत होती कुणाला. अंगात नुसती आग. एका जागी बसवेना, जेववेना.

सोमवारी मधल्या सुट्टीत मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, गहू नाही. पावडर नाही. पाणी मिळालं. गावानं विहिरीवर येऊ दिलं नव्हतं."

कुणी हसलं नाही.

"अगं, मी गमतीनं विचारलं होतं."

"मी गमतीनं सांगत नाही."

आता माझ्याशी सगळे कामापुरतं बोलतात. पुढच्या वर्षी शाळा ठेवील का, माहीत नाही.

गावात दृढीकरणाच्या पोरापोरींना शिकवायला कुणी नव्हतं. दर रविवारी गावी जाऊन तो वर्ग मी घ्यायला लागले. वचनांबरोबर त्या आडाचंही सांगते. परवा पप्पा दारात येऊन म्हणाले, "पोरांना भांडणं शिकवू नको."

मी वर्ग थांबवला नाही.

पप्पांचा विश्वास मी घेतला. त्यांची भीती घेणार नाही. ह्या पोरांच्या हातात तर ती मुळीच देणार नाही.