कोऱ्या पानाच्या कोपऱ्यातला ठिपका

त्या दिवशी सकाळी नागपूरच्या लोकांबरोबर ऑनलाइन मीटिंग चालू होती. आमच्या कचेरीतली स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवायची होती. पलीकडचा इंजिनिअर मला अगदी गोड आवाजात विचारत होता, मॅडम, तुमच्याकडे कोरी पानं एवढी का आहेत, उगाच जागा खातात, काढून टाकू ना? मी उत्तर देणार तेवढ्यात फोन थरथरला. नसीमचा होता, रशीदभाईंच्या मुलीचा. मीटिंगमध्ये मी फोन घेत नाही, पण ही पोरगी कामाशिवाय फोन करत नाही हे ठाऊक होतं, म्हणून घेतला. "ताई, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली... पडद्यावर तो बिचारा इंजिनिअर अजून उत्तराची वाट पाहत होता. नंतर बोलू, असं त्याला सांगून मी उठले.

गडचिरोलीहून मूलमार्गे चंद्रपूरला एसटीनं पोचेपर्यंत दफन झालं होतं. रजा टाकून चार दिवस घरी आलेला माणूस, सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपला. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. खरं सांगायचं तर त्यांच्या घरी चटईवर बसल्या बसल्या मला रडू आलं नाही, राग आला. निरोपसमारंभात मी भाषण करणार होते, त्यात त्यांची यथेच्छ टिंगल करायची असं केव्हाचं ठरवलं होतं. ती सगळी टिंगल आता माझ्याकडेच राहिली. महिना होऊन गेला, तरी तिचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रशीदभाई आमच्या रेकॉर्ड रूमचे मदतनीस. घराणं जिल्दसाजांचं, म्हणजे वह्या-पुस्तकं बांधणाऱ्यांचं. वडिलांचं चंद्रपुरात छोटं दुकान होतं. पुढे लोक तयार वह्या घेऊ लागले, दुकान बसलं आणि रशीदभाई सरकारी कचेरीत लागले. मी मूल गावची. नागपुरात शिकून, कंत्राटावर, आठ-नऊ वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या या कचेरीत रुजू झाले तेव्हा माझं नाक चांगलंच वर होतं. कागद स्कॅन करणं, त्यांना गाव-नाव-क्रमांक लावून सिस्टीममध्ये भरणं, आणि मागेल त्याला ते मिनिटात पडद्यावर दाखवणं, हे माझं काम. मोठं स्कॅनर मशीन मी स्वतःच्या देखरेखीखाली खोक्यातून काढलं. एका वेळी कागदाची दोन्ही अंगं टिपणारं मशीन! पहिलाच गठ्ठा घातला आणि पाचव्या कागदाला ते अडकलं. मग आठव्याला. मग एक कागद फाडूनच बाहेर आला. मी मशीनच्या कंपनीला फोन लावून तोंडसुख घेत होते आणि दारात एक उंच, वाकलेला माणूस कानामागे पेन्सिल खोचून शांतपणे उभा होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "म्याडम, तुमच्या बकरीले पिना चारून राह्यले तुमी. पचतीन काऊन?"

त्या दिवसापासून ते मशीन बकरी झालं ते झालंच. कचेरीत कोणी स्कॅनर म्हणेना. 'बकरी बसली', 'बकरी चरून राह्यली', असं साहेबांसमोरसुद्धा. मी आधी चिडायचे, नंतर मीही म्हणू लागले. चारा तयार करायचं काम अर्थातच रशीदभाईंचं. गठ्ठा सोडायचा, पिना आणि गंजलेल्या टाचण्या काढायच्या, दुमडलेले कोपरे लाकडी पट्टीनं सपाट करायचे, फाटलेल्या कागदाला मागून खळ लावून पातळ कागद चिकटवायचा. जंगलातल्या गावांतून आलेले कागद तर बांबूच्या नळीत गुंडाळून, चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेले असायचे. नळी उघडली की आमची एसी खोली धुराच्या वासानं भरून जायची. असे कागद रशीदभाई दोन दिवस वजनाखाली ठेवत. मी घाई केली की म्हणत, "पडून राह्यले ते इतके वर्सं, दोन दिवस अजून राहू द्या न बाई." म्याडमची बाई मी कधी झाले ते आता आठवत नाही.

आणि त्यांची ती सवय... कागद साफ झाला की ते तो उलटा करत, खिडकीच्या उजेडात धरत, मागची बाजू वरपासून खालपर्यंत पाहत आणि मग कानामागची पेन्सिल काढून वरच्या कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका देत. कोरी पाठ असो की लिहिलेली. वडिलांनी लावलेलं वळण म्हणे. पुस्तक बांधताना पान उलटंसुलटं लागू नये म्हणून प्रत्येक पानाची पाठ पाहिल्याची खूण. सरकारी कागदावर खुणा करता म्हणून मोठे बाबू त्यांना एकदा चारचौघांत बोलले. रशीदभाईंनी ऐकून घेतलं आणि ठिपका आणखी बारीक केला, इतकंच. माझा मात्र जीव जायचा. महिन्याचं काम ठरवून दिलेलं, वरून फोनवर फोन, आणि हा माणूस कोऱ्या पाठीकडे असा पाहत बसे, की जणू त्या पाठीवर पेपर छापलाय!

मग मी शहाणपणा केला. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. मागची बाजू कोरी असेल तर मशीन ती ओळखतं आणि आपोआप गाळून टाकतं. ती सोय मी चालू केली. कोरी पानं गेली, फायली हलक्या झाल्या, वरून शाबासकी आली. मी रशीदभाईंना ठसक्यात सांगितलं की आता पाठी पाहायची गरज नाही, ते काम बकरी करते. ते पाठी पाहतच राहिले.

तेव्हा जंगलातल्या जमिनीचा हक्क मागणारे जुने दावे आमच्याकडे स्कॅनिंगला आले होते. स्कॅन झाले की मूळ कागद दूरच्या गोदामात जाणार आणि सुनावणीत फक्त पडदा पाहिला जाणार, असं ठरलं होतं. एके दिवशी मैनीबाई नावाची एक म्हातारी आमच्या खोलीत आली. गोंड बाई, पहाटेपासून चालत आणि मग एसटीनं आलेली. तिच्या दाव्यावर साक्षीदारांच्या खुणा नाहीत, असं सुनावणीत सांगून तिला परत पाठवलं होतं. मी तिचा दावा पडद्यावर उघडला. खरंच खुणा नव्हत्या. मी तिला समजावलं की आजी, इथं नाही म्हणजे कागदावर नाही, पुन्हा दोन साक्षीदार आणा. ती म्हणाली, "माह्या भावानं लावला आंगठा, गावाच्या पटेलानं लावला. कागदाच्या पाठीवर लावला, माह्यासमोर. आता दोघंयी मेले. कोनाचा आंगठा आनू मी?"

रशीदभाई कोपऱ्यात टाचण्या काढत होते. हातातलं तसंच टाकून ते उठले आणि गोदामासाठी बांधून ठेवलेल्या गाठोड्यांकडे गेले. दुसऱ्या सकाळी गाडी येणार होती. अर्ध्या-पाऊण तासानं ते एक कागद घेऊन आले, माझ्यासमोर उलटा ठेवला. शाईचा पॅड वाळलेला असणार. फिकट जांभळे दोन अंगठे, इतके फिकट, की सांगितल्याशिवाय दिसू नयेत. वर कोपऱ्यात ठिपका.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुमच्या बकरीनं पाठ खाल्ली."

एक कागद सापडला, पण असे किती? त्या महिन्यातले सगळे दावे त्याच सोयीतून गेले होते, आणि कागद उद्या जाणार होते. एकदा गोदामात, वाळवीच्या राज्यात गेले की कोण शोधणार, आणि शोधा म्हणायला तरी कोणाला कळणार? आम्ही साहेबांकडे गेलो. गाडी थांबवा म्हणायला कारण द्यावं लागतं. साहेबांनी विचारलं, ही चूक कोणाची? आणि इथं मला जे सांगायचं आहे ते सांगायला आजही जड जातं. माझं कंत्राट त्याच आठवड्यात पुढे वाढायचं होतं. मी गप्प राहिले. रशीदभाई म्हणाले, साहेब, माझीच. कागद मीच उलटेसुलटे लावले. साहेबांनी त्यांना नको नको ते सुनावलं. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा माणूस मान खाली घालून उभा होता आणि मी शेजारी फरशी पाहत होते.

गाडी थांबली. पाच दिवस आम्ही गाठोडी पुन्हा सोडली, ती सोय बंद केली, एकूण एक कागद पुन्हा बकरीतून काढला. फिकट अंगठे, पेन्सिलीच्या सह्या, कोणी मागे काढलेला शेताचा नकाशा... पाठीवर केवढं काय काय होतं! दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना लेखी दिलं, की चूक माझी, रशीदभाईंची नाही. साहेब कंत्राटाबद्दल काही बोलले नाहीत, ते वाढलंही. रागावले ते रशीदभाई. काऊन लिहिलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन सरळ माफी मागितली. त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मले तर रोजची सवय हाय बोलणं खाची," ते म्हणाले. "तुमाले नाई. पण लिहिलं ते बरं केलं. मी असतो तर तुमच्या वयात नसतं लिहिलं." मग लगेच, फार लाड नको म्हणून, बकरीला आज चारा कमी पडतोय असं बजावून मला हाकललं.

मैनीबाई पंधरा दिवसांनी आली. तिला तो कागद पडद्यावर पाहायचा होता. रशीदभाईंनी ते दोन अंगठे मोठे करत करत अख्ख्या पडद्याएवढे केले, रेषा न् रेषा दिसेपर्यंत. कोणता भावाचा, तिला कसं कळलं देव जाणे, पण तिनं एकावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. जाताना पदराच्या गाठीतून टेंभरं, तेंदूची पिकली फळं, काढून टेबलावर ठेवली. पुढे तिला जमिनीचा पट्टा मिळाला. रशीदभाई तिचा दावा अधूनमधून उघडून पाहत, सगळं जागेवर आहे ना म्हणून.

एकही पाठ न गाळता स्कॅन करायच्या त्या नव्या रीतीला सिस्टीममध्ये नाव द्यायचं होतं. मी 'रशीद' दिलं. मशीन सुरू केलं की आजही पहिलं तेच नाव येतं, आणि नवीन पोरं ते कुठल्या तरी कंपनीचं नाव समजतात. रशीदभाईंना ते सांगितलं तेव्हा ते खूप लाजले होते. त्याच वर्षी त्यांनी माझ्या बाबांची बुद्धवंदनेची जुनी, पानं सुटलेली पुस्तिका मागून नेली आणि बांधून आणली. रंग मी सांगितला नव्हता. निळं कापड त्यांनीच शोधलं होतं. बाबा ती आजही उशाशी ठेवतात. रशीदभाई गेल्याचं कळल्यावर बाबांनी ती हातात घेतली.

त्या इंजिनिअरला मी आठवड्यानं फोन केला. कोरी पानं राहतील, म्हटलं. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, ती कोरी नाहीत, आणि पुढे समजावत बसले नाही. नव्या सिस्टीममध्ये ती सगळी गेली. कुठलीही फाईल उघडा, पान उलटा, कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका.

परवा रशीदभाईंचं सेवापुस्तक माझ्या टेबलावर आलं. घरच्यांच्या पेन्शनचं काम आहे, स्कॅन करून पाठवायचं होतं. कचेरीतल्या सगळ्यांची सेवापुस्तकं स्कॅनिंगसाठी त्यांनीच तयार करून दिली होती. आपलंच आपण कसं तपासायचं, म्हणून स्वतःचं तेवढं तसंच ठेवलेलं. मी शिवण सोडली, टाचण्या काढल्या. कोपरे सपाट केले. पहिलं पान उलटं करून खिडकीशी धरलं आणि कोपऱ्यात ठिपका शोधू लागले. नव्हता. दुसऱ्यावर नव्हता. कुठल्याच पानावर नव्हता... तेव्हा मात्र मला रडू आलं, चांगलं भडभडून आलं. मग त्यांच्या खणातून पेन्सिलीचा तुकडा काढला, एकेक पाठ वरपासून खालपर्यंत पाहिली आणि प्रत्येकीवर ठिपका दिला. माझे ठिपके जरा मोठे आलेत. नंतर पहिलं पान बकरीला दिलं.