चारशे बारा, हजारपैकी?

"चारशे बारा? हजारपैकी? म्हणजे एक्केचाळीस टक्के!"

गिंडीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर सबनीसकाकांनी रिपोर्ट आपटला. काका आवडी या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात इन्स्पेक्टर. शेजारी त्यांचा होणारा जावई समीर, तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, राहणारा इंजिनियर, मान खाली घालून. काकांच्या हट्टापायी त्यानं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासून घेतलं होतं. त्रास काही नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. दुसऱ्याचं रक्त मागायचा काकांना अधिकार काय? माझं डोकं तिथंच सणकलं.

"काका, रविवारी साखरपुडा आहे," समीर पुटपुटला.

"होता."

मी लॅब टेक्निशियन. समीरला विचारलं, "समजावू यांना?"

"समजावाच, ताई."

आकड्याशेजारी ३०० ते १००० छापलं होतं. ही रेफरन्स रेंज. पुष्कळ निरोगी पुरुषांचं रक्त तपासतात, दोन्ही टोकांचे थोडे आकडे सोडतात. उरतो तो हा पट्टा. हजार म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे.

"म्हणजे नऊशेवाला जास्त मर्द नाही?"

"नाही!" मी ओरडलेच. रांगेतल्या आजी दचकल्या. आतून डॉक्टर मॅडम तमिळमध्ये कडाडल्या, "एन्नम्मा, काय गं हे, ही लॅब आहे, तुझी सभा नाही!"

मी आवाज उतरवला. "काका, कारखान्यात तुम्ही काय तपासता?"

"बोल्ट. मापात बसला की पास."

"पास बोल्टला टक्के देता?"

"बोल्टला कसले टक्के!"

"मग जावयाला कशाला?"

काकांनी मान डोलावली. पण इन्स्पेक्टर तो इन्स्पेक्टरच. "तुमचं माप बरोबर कशावरून?"

पहिला शहाणा प्रश्न! मशीन बदललं की रेंज बदलते, म्हणून आकडा त्याच रिपोर्टवरच्या रेंजशीच ताडायचा. शिवाय हे हार्मोन सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी घ्यायचं.

"याचं कधी घेतलंत?" काकांनी विचारलं.

"ऑफिस सुटल्यावर," समीर म्हणाला. "साडेसहाला."

चूक आमची होती. मी मान्य केली.

"म्हणजे इन्स्पेक्शनच चुकलं!" काकांचा चेहरा उजळला. त्यांनी रिपोर्टवर पेनानं आडवी रेघ मारली. "रिजेक्ट!"

समीर पांढराफटक. "मी?"

"तू नाही रे, कागद! चल, हॉलवाला वाट बघतोय."

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी काउंटरवर पाटी लावली: ही तपासणी फक्त सकाळी, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. मला आणखी एक ओळ हवी होती, ती त्यांनी खोडली. इथं लिहिते: तपासणी होणाऱ्या सासऱ्यानं सांगितली असेल, तर सुईसाठी हातही त्यालाच पुढे करू द्या.