सुदाम मिस्त्रीचा माइक

सुदाम मिस्त्रीची कोणी तारीफ केली की तो मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "त्यात काय हाय, कोनालेबी सुचलं असतं." मग तिथंच उभा राहायचा. समोरच्यानं "असं कसं मिस्त्री, तुमच्याशिवाय कोनाले सुचते!" म्हटल्याशिवाय हलायचा नाही. मेडशीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शेजारीण, मला तर कंटाळा येईस्तोवर म्हणावं लागलं.

त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. देवळात भजनाला माइक लावला की भोंग्यातला आवाज परत माइकमध्ये शिरायचा आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजायची. वर्षानुवर्षं आम्ही कानात बोटं घालून देवाचं नाव घेतलं. सुदामनं दोन माइक पाठीला पाठ लावून बांधले, एकाची तार उलटी जोडली. दोन्ही माइकला सारखं ऐकू येईल ते कटायचं. गाणाऱ्याचा आवाज जवळच्या माइकलाच नीट ऐकू जायचा, तेवढा बाहेर यायचा. शिट्टी बंद झाली. भजन सुधारलं नाही, पण तो त्याचा दोष नव्हता.

मग त्याला पेटंट पाहिजे झालं. "पैसा नको, काकू. सरकारी कागदावर माहं नाव पाह्यजे."

अकोल्याच्या वकिलानं अर्ज केला. सुनावणी मोबाइलवर झाली. रेंज अंगणातच येते, म्हणून बाजेवर तो, मागं त्याची बायको कौसल्या आणि मी. पेटंट ऑफिसचे साहेब म्हणाले, माइक जुना, उलटी तारही जुनी. दोन्ही जोडणं या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचलं असतं का, एवढंच ठरवायचं आहे. सुचलं असतं तर पेटंट नाही. फोनवरूनच वकील म्हणाला, "मग इतकी वर्षं शिट्टी का वाजत होती?" साहेबांना ते पटलेलं दिसलं. हसून म्हणाले, "मिस्त्री, डोकं छान चालवलंत."

सुदामनं मान खाली घातली. "त्यात काय हाय साहेब, कोनालेबी सुचलं असतं."

आणि वाट पाहत बसला.

साहेबांनी लिहून घेतलं.

मी मागून ओरडले, "अहो साहेब, आता तुमी नाही म्हना ना!"

साहेबांनी विचारलं, "या कोण?"

अर्ज नामंजूर झाला. कौसल्या म्हणाली, "तोंड बंद ठेवाले काय झालतं?"

"कोनी तारीफ केली तं हो म्हनत असते काय? काही रीत हाय का नाही?"

मागच्या हिवाळ्यात तो गेला. तेरवीच्या भजनाला त्याचाच माइक होता. केनवडचे बुवा कौसल्येला म्हणाले, "बाई, शिट्टी नाही, काही नाही. कोनाची अक्कल हे?"

तिनं मान खाली घातली. "त्यात काय..." म्हणाली आणि थांबली. मग वर पाहिलं.

"आमच्या मानसाची," म्हणाली. "दुसऱ्या कोनाले नाही सुचलं."