सिसिलबाईंचं बोट

बाईंचं बोट माझ्या दातांत, बाई ओरडत नाहीत, मी सोडत नाही, आणि समोर सुईणकाम शिकणाऱ्या पोरी डोळे फाडून उभ्या! झालं, वाट लागली.

बाई म्हणजे आमच्या घाटकोपरच्या सूतिकागृहातल्या सिसिलबाई. त्या पोरींना शिकवायच्या. राहायला मरोळच्या गावठाणात, अंगानं थोराड, आवाज घंटेसारखा. कुठंही पोटुशी बाई दिसली की पोट नंतर, आधी "आ कर!" एकदा मासळीवालीच पोटुशी होती, तर पापलेटाचे कल्ले राहिले बाजूला, तिचंच तोंड उघडून बघितलं. म्हणायच्या, "पोरींनो, बाळंतपण तोंडापासून सुरू होतं."

मला सातवा. हिरड्या सुजलेल्या, भाकरी चावली की रक्त. घास गिळवेना, मग पोटातलं काय खाणार? सासूबाई म्हणाल्या, "एका पोरामागं एक दात जायचाच. मिशेरी लाव. पण दवाखान्यात दात उपटू देऊ नकोस हां, पोर पडतं." त्यात बाईंनी मला बाकावर बसवून हिरडी दाबली. मला वाटलं, उपटला दात, गेलं माझं पोर! आणि चावले.

बाईंनी शांतपणे दुसऱ्या हातानं माझं नाक धरलं. तोंड आपोआप उघडलं आणि मी बोंबलले, "दात काढू नका!"

"बघितलंत? दात पक्के आहेत. पोटुशीच्या हिरड्या हळव्या होतात, त्यावर ही जळकी तंबाखू घासते. दात कोण काढतंय गो, वेडे? मिठाच्या पाण्यानं चुळा भर, मऊ ब्रशानं घास. आणि ती मिशेरीची डबी दे इकडं."

"माझी डबी आहे ती!" दारातून सासूबाई.

"मग तुम्हीपण आ करा."

सासूबाईंनी केला की हो! आत दोनच दात.

"पोरींनो, नीट बघून घ्या. मिशेरीनं शेवटी एवढंच उरतं."

चुळा भरल्या, रक्त थांबलं, भाकरी जायला लागली. पुढं कळा आल्या तेव्हा मी भीतीनं दात आवळून पडलेली. बाई आल्या, बोटावर वण तसाच. "आ कर! वरचं दार बंद, तर खालचं कसं उघडेल?" मी आ केला, बोंबलले, श्वास सुटला आणि पोरगी आली. बाईंनी तिचं तोंड पुसायला तेच बोट आत घातलं, तर कार्टीनं हिरड्यांनी गच्च धरलं.

"आईवर गेली गो!" बाई हसून हसून लाल.

परवा पोरीला पहिला दात आला. दाखवायला धावत गेले, तर बाईंची बदली झालेली. सासूबाई म्हणतात, "तूच चावून पळवलीस." आता तुम्हीच सांगा, तोंडात परकं बोट, पोटात पोर आणि कानात सासूचं बोलणं, तुम्ही काय केलं असतं?